नऊ वर्षांचा घरजावई

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून सुटलो. मधल्या चौतीस वर्षांत सातारा जिल्ह्यात कोण कोण मेलं याचा हिशेब यमाकडे असेल, पण मागे कोण कोण उरलं तो माझ्याकडे असायचा. गाव नमुना सहा-क, म्हणजे वारसांची नोंदवही. दोन बायका, एक दत्तक, मुंबईला गेलेला भाऊ आणि त्याचं कागदावर एक नि हाकेला दुसरं नाव, असलं प्रकरण टेबलावर आलं की मला भूक लागायची.

त्यामुळे लीड्सला लेकीकडे सहा महिने राहायला गेलो आणि नातवाला शाळेतून वंशवृक्षाचा गृहपाठ मिळाला, तेव्हा मी चष्मा पुसायलाच घेतला. आमची बाजू सात पिढ्यांपर्यंत तोंडपाठ होती. जावई इंग्रज. त्याची बाजू त्याच्या आजोबांपाशीच खुंटली. "आमच्यात कुणी ठेवत नाही लक्षात," तो म्हणाला. मी म्हटलं, "कागद आहेत ना? मग झालं." आतून हिचा आवाज आला, "अहो, त्यांच्या घरातलं तुम्हाला काय करायचंय?" हा प्रश्न ही मला लग्नापासून विचारत आली आहे.

आणि कागद म्हणजे काय कागद! १८०१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती, १८४१ पासून घरटी, नावानिशी. शंभर वर्षं पुरी झाल्याखेरीज उघडत नाहीत. १९२१ ची २०२२ साली उघडली. त्यापुढची १९३१ ची मात्र कधीच उघडणार नाही, कारण इंग्लंड-वेल्सची ती सगळी दप्तरं १९४२ च्या डिसेंबरात जळून गेली. ऐन युद्धात जळली, पण बाँबने नव्हे, साध्या आगीने. रेकॉर्ड रूमला आग लागणं ही आमच्याच खात्याची मिरास असं मी समजत होतो. वाचून जरा आपलेपणा वाटला.

जावयाचं घराणं यॉर्कशायरमधल्या थर्स्कजवळच्या एका खेड्यातलं. नावं इथे बदलून लिहितो आहे, व्याह्यांशी संबंध अजून चांगले आहेत. १८४१ चं पान काढलं आणि पहिल्याच दिवशी शोध लागला. मूळ पुरुष थॉमस, वय २५, धंद्याच्या रकान्यात 'अ‍ॅग लॅब'. मी उडालोच. कृषी प्रयोगशाळा! त्या काळी! खाली पाहतो तर शेजारचाही अ‍ॅग लॅब, त्याच्या शेजारचाही. पानभर शास्त्रज्ञ. संध्याकाळी जावई घरी आल्यावर त्याचं अभिनंदन केलं, तेव्हा त्याने बूट काढता काढता सांगितलं की ते 'अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर'. शेतमजूर. उताऱ्यावरची एकुमॅ आणि अपाक ही लघुरूपं उभ्या उभ्या वाचणारा मी, दोन अक्षरांवर घसरलो.

वयाचंही तसंच. १८४१ ला पंचवीस असलेला थॉमस १८५१ ला अडतीस कसा होतो? दहा वर्षांत माणूस तेरा वर्षांनी म्हातारा? मग कळलं की १८४१ ला पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायचा हुकूम होता. ते मला लगेच पटलं. आमच्या अख्ख्या पिढीचा जन्म मास्तरांनी एक जूनला लावून दिलेला आहे.

१८५१ पासून मात्र कुटुंबप्रमुखाशी नातं काय, हा रकाना आला आणि मी माझ्या मुलखात आलो. थॉमस, कुटुंबप्रमुख. बायको एलिझाबेथ. मुलगी मेरी, वय ११. आणि त्याखाली विल्यम, वय ९, आडनाव वेगळं. नातं: 'सन-इन-लॉ'.

मी ती ओळ भिंगातून पाहिली. अक्षर वळणदार होतं, शंकेला जागा नव्हती. नऊ वर्षांचा जावई, तोही सासऱ्याच्या घरात राहणारा. नवरी शोधायला लांब जायला नको, वरच्याच ओळीत अकरा वर्षांची मेरी बसलेली. म्हणजे बालविवाह, नवरी दोन वर्षांनी थोरली, आणि मुलगा नसल्यामुळे थॉमसने घरजावई ठेवलेला. वारसाचा हेतू इतका स्वच्छ की मी असतो तर तिथल्या तिथे नोंद मंजूर केली असती. चार्ट पेपरवर विल्यम-मेरीची गाठ मारून तिथे हिरव्या स्केचपेनने मुंडावळ्याही काढल्या.

१८६१ मध्ये एलिझाबेथ गेलेली. घरात तिची धाकटी बहीण हॅना, वय २९, अविवाहित, नातं 'सिस्टर-इन-लॉ', घर सांभाळते. १८७१ मध्ये तीच हॅना 'वाइफ', आणि पोरं चार, सर्वांत थोरला आठ वर्षांचा. याच थोरल्यापासून आमच्या जावयाची शाखा फुटते. मला यात शोधण्यासारखं काही वाटलं नाही. बहिणीमागे बहीण त्याच घरात येते, पोरांना सावत्रपणा जाणवत नाही. माझी स्वतःची आजी तशीच आली होती. लग्नाची नोंद काही सापडली नाही, पण आमच्या गावात तरी कोणाची सापडते?

राहिलं मृत्युपत्र. १२ जानेवारी १८५८ च्या आधीची मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत शाबीत व्हायची, आणि तिकडच्या भागातली बरीच यॉर्क विद्यापीठातल्या बोर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. थॉमस पुढे १८८४ मध्ये गेला, म्हणून माझी ती वारी वाचली. १८५८ पासून सगळं सरकारी, दरसालची छापील यादी, आडनावाच्या क्रमाने: कोण मेला, कधी, मागे किती ठेवलं आणि प्रोबेट कोणाला मिळालं. शेतमजुराचं मृत्युपत्र असणं हेच नवल, पण उतारवयात याने दोन-चार एकरांचा तुकडा केला होता. प्रोबेट मिळालं हॅनाला. तिच्यापुढे माहेरचं आडनाव आणि 'स्पिन्स्टर'.

आडनावाचं मी मनावर घेतलं नाही. कारकुनाने जुनं बघून उतरवलं असणार, मनातल्या मनात कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करून टाकला. 'स्पिन्स्टर' मात्र काळजाला भिडलं. नवऱ्यामागे बाईने सूत कातून संसार ओढला! हॅनाच्या नावाशेजारी मी लाल रंगात एक छोटा चरखा काढला. मृत्युपत्रही नमुनेदार होतं. 'माझी मुलं' असं मोघम कुठे नाहीच, प्रत्येकाचं नाव वेगळं घालून हिस्सा दिलेला. वकील कामाचा म्हणायचा.

ईस्टरच्या रविवारी व्याह्यांकडे थर्स्कला जेवण होतं. व्याही, विहीणबाई आणि व्याह्यांच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्या. मटणाबरोबर पुदिन्याची चटणी होती, तिच्यात दह्याऐवजी व्हिनेगर. मला दम निघेना. ताटं जरा सरकवून मी आठ चार्ट पेपर जोडून केलेला वंशवृक्ष टेबलभर उलगडला आणि उभा राहून वाचायला सुरुवात केली.

बालविवाहापाशी व्याह्यांचा काटा हवेत थांबला. त्यांना अवघडू नये म्हणून मी म्हटलं, "यात कमीपणा काही नाही, आमच्यातही होतं." लेक मला टेबलाखालून पायाने खुणावत होती. आत्याबाईंनी चष्मा मागितला. त्या चाळीस वर्षं एका वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होत्या, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

"हा जावई नाही," त्या म्हणाल्या. "एलिझाबेथच्या पहिल्या नवऱ्याचा मुलगा. जुन्या दस्तांत सावत्र मुलालाही सन-इन-लॉच लिहीत. आणि लग्नाला तेव्हासुद्धा मुलगा चौदाचा, मुलगी बाराची लागायची. १९२९ पर्यंत." आमचा शारदा कायदाही त्याच सालचा, हे मी त्यांना सांगणार होतो. पण मी भावा-बहिणीचं लग्न लावून ठेवलं होतं, मुंडावळ्यांसकट. सावत्र का होईना.

गडबडीने मी पुढच्या कागदावर उडी मारली. "हे असो. पुढे सगळं सरळ आहे. बायको वारली, मेहुणीशी लग्न केलं, मुलं झाली. नवऱ्यामागे बिचारीने सूत कातलं."

आत्याबाईंनी चरख्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

मी स्पिन्स्टरचा अर्थ सांगितला. टेबलावर कोणी हललं नाही.

"सूत कातणारी, ते फार पूर्वी," त्या म्हणाल्या. "कायद्याच्या कागदात स्पिन्स्टर म्हणजे जिचं लग्न झालेलं नाही ती."

मग त्यांनी सांगितलं ते मी तिथेच, उभ्यानेच ऐकलं. वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न इंग्लंडमध्ये १८३५ पासून रद्दबातल होतं. नवरा-बायको एकजीव, तेव्हा तिची बहीण ती त्याचीही बहीण, असं चर्चचं म्हणणं. ते बदलायचं विधेयक पार्लमेंटात वर्षानुवर्षं येत राहिलं, पडत राहिलं, आणि १९०७ मध्ये एकदाचं पास झालं. तोवर शिरगणतीवाल्याला 'वाइफ' सांगता येत होतं, तो कुठे दाखला मागतोय. प्रोबेटच्या कारकुनासमोर ते चालत नव्हतं. आणि कायद्याच्या भाषेत 'मुलं' म्हणजे औरसच. म्हणून त्या वकिलाने एकेका पोराचं नाव घातलं होतं.

म्हणजे जिथे भानगड नव्हती तिथे मी बालविवाह उभा केला होता, आणि खऱ्या भानगडीवर चरखा काढून पुढे गेलो होतो. व्याही म्हणाले, "म्हणजे माझे पणजोबा..." आणि तिथेच थांबले. विहीणबाईंनी मला विचारलं, आणखी चटणी हवी का. मी हो म्हणालो. त्या क्षणी मी व्हिनेगरची बाटलीसुद्धा घेतली असती.

बोललो ते अगदी न सुचून. म्हटलं, "माझी आजी अशीच मेहुणी म्हणून आली. आमच्यात त्याला कुणी काही म्हणत नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मी लहान असताना," त्या म्हणाल्या, "कुणी आजोबांच्या आईचं नाव काढलं की आजोबा उठून कोंबड्यांना दाणे घालायला जायचे. कोंबड्या तेवढ्यासाठीच पाळल्यात असं मला वाटायचं."

निघताना मी चार्ट गुंडाळायला लागलो, दुरुस्त करून आणतो म्हटलं. त्यांनी तो काढून घेतला. विल्यम आणि मेरीची गाठ तेवढी पेन्सिलीने खोडली. हॅनापुढचं 'सूत कातणारी' मी खोडायला गेलो तर म्हणाल्या, राहू दे.

तो कागद आता त्यांच्या जिन्यात टांगलेला आहे. लेकीने फोटो पाठवला होता. लाल चरखा लांबूनही दिसतो, आणि गाठ खोडली तरी विल्यमच्या डोक्यावर मुंडावळ्या आहेतच.