रोह्याचा नियोजन आयोग

रोह्यात राहून इमॅजिका न पाहिलेली माणसं पैशाला पासरी मिळतील. कारण एकच, ते जवळ आहे. खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यातल्या सांगडेवाडीला हे पार्क 2013 च्या एप्रिलमध्ये उघडलं. सिनेमाच्या धंद्यातल्या मनमोहन शेट्टींनी ते उभं केलं, पुढे ते संगमनेरच्या मालपाणींकडे गेलं. एवढ्या काळात पुण्या-मुंबईहून बसच्या बस येऊन किंचाळून परत गेल्या. रोहेकर मात्र दीड तासाच्या अंतरावर ओट्यावर बसून म्हणत राहिला, "जाऊ की कधीतरी, ते काय पळून चाललंय?" हे 'कधीतरी' उगवतं डोंबिवलीच्या नातेवाईकांचा फोन येतो तेव्हा. "आम्ही येतोय, एक दिवस इमॅजिका करू या," असं तिकडून कुणीतरी म्हणतं आणि इकडे एक माणूस शांतपणे चष्मा पुसून भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून खाली काढतो.

हे काका. प्रत्येक आळीत एक तरी असतात. बहुधा निवृत्त. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते, नाहीतर शाळेत टाइमटेबल लावत होते, नाहीतर धाटावच्या कारखान्यात शिफ्टचा तक्ता त्यांच्याकडे होता. नोकरी संपली तरी तक्त्याची सवय जात नाही. घरात ते दूधवाल्याची वेळ लिहून ठेवतात. दिवा-रोहा गाडी किती उशिरा आली हे त्यांना गाडीत कुणी ओळखीचं नसतानाही ठाऊक असतं. दिवसाची सहल म्हणजे त्यांच्या दृष्टीने मजा नव्हे, कामगिरी. मुलांनी 'किती मजा येईल ना' म्हटलं की ते 'बघू' म्हणतात आणि वहीत 'मजा' या सदराखाली पंचवीस मिनिटं टाकतात.

या गुणाला गावाचा वारसा आहे असं काकांचं प्रामाणिक मत आहे. चिंतामणराव देशमुख रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि 1951 साली पहिली पंचवार्षिक योजना आली तेव्हा देशाचे अर्थमंत्री. "म्हणजे नियोजन मूळ इथलं," काका म्हणतात. अडचण अशी की काकांची बहीण दिली आहे पेणला, आणि पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. त्याच वर्षी, त्याच योजनेबद्दल नियोजन आयोगाशी बोलायला नेहरूंनी बोलावलं, तर विनोबा पवनारहून दिल्लीला चालत निघाले. ना आरक्षण, ना तिकीट. पेणचे भाचे या परंपरेतले. त्यांना निघायची वेळ विचारली की ते म्हणतात, "निघालो की फोन करतो, मामा."

रोह्यात काका आणि पेणमध्ये मामा असलेल्या या गृहस्थांपुढचा पहिला प्रश्न असतो तारखेचा, आणि खरी प्रतिभा इथेच दिसते. मे महिना नको, अख्खा महाराष्ट्र तिथे असतो. दिवाळी नको, अख्खा गुजरातही तिथे असतो. शनिवार-रविवार तर ते उच्चारतही नाहीत. उरतो मधला वार. पण पेणच्या भाच्यांचा गणपतीचा कारखाना. परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्याच्या तोंडाशीच रवाना करायच्या, मग मुंबई-पुण्याची मागणी, मग आषाढ-श्रावणात रंगकाम. तेव्हा पेणच्या कासार आळीत कुणाला सहलीचं विचारणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल उसना मागण्यासारखं. डोळ्यांची आखणी चालू असते, हात हलवून चालत नाही. गणपती गेले की मात्र भाचे मोकळे. इकडे धाटावच्या पुतण्याची साप्ताहिक सुट्टी फिरती. डोंबिवलीकरांना लोकलचा कंटाळा आलेला, त्यांना कुठलाही वार चालतो, फक्त आदल्या दिवशी सांगा म्हणतात. काकांच्या लेखी आदल्या दिवशी सांगितलेली सहल ही सहल नसून पळापळ असते.

तीन घरांच्या मोकळ्या दिवसांवर काका लाल, निळ्या, हिरव्या पेनाने गोल करतात. ज्या एका चौकोनात तिन्ही गोल पडतात तो अनंत चतुर्दशीनंतरचा एक मंगळवार निघतो. बहीण पेणहून फोनवर ओरडते, "अरे, पितृपक्ष आहे!"

"म्हणूनच," काका म्हणतात. "तुझ्यासारख्या सगळ्या त्या दिवशी घरात बसतील. रांग असणार नाही."

"बाबांचं श्राद्ध कधी ते तरी बघितलंस का?"

"दशमीला. हा मंगळवार षष्ठीचा. षष्ठीला आपल्या घराण्यात कुणी गेलेलं नाही, वहीत बघून ठेवलंय."

असा माणूस आपल्या बाजूला असावा असं कुणालाही वाटेल. त्यांनी संकष्टीही तपासलेली असते. कारण रोह्याहून जायचं तर वाटेत पाली, आणि संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी, मग बल्लाळेश्वराच्या गावात गाडी आत शिरत नाही. संकष्टी रविवारी आहे म्हटल्यावर ते सुस्कारा टाकतात. दर्शनाला तेरा मिनिटं ठेवतात. बारा का नाहीत, हे विचारू नये. चपला काढायचं एक मिनिट असतं.

मग रस्ता. रोहा, नागोठणे, वाकण, पाली आणि पुढे खोपोलीच्या दिशेने. पेणकरांनी थेट पेण-खोपोली रस्त्याने येऊन खोपोलीहून खाली वळावं, हे सरळ आहे. पण काकांना सगळ्यांनी एकत्र प्रवेश करायचा असतो, म्हणून ते भाच्यांना वाकण फाट्यावर बोलावतात. म्हणजे वाटेत वडखळची कोंडी आली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात लागला. त्यानंतर सुरू झालेल्या पार्कात पोरं झुलून झुलून कॉलेजात गेली, आणि रस्ता अजून 'होतोय'. काका वडखळ नाक्याला 'राखीव: 35 मि.' असं लिहितात. कागदावर वडखळ नेहमी पस्तीस मिनिटांतच सुटतं.

काकांचा हा अभ्यास जुना आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली निघालं, तेव्हा रोह्याहून शाळेच्या सहली अंधारात निघायच्या, मुंबई ओलांडायच्या, शेवटी होडीत बसायच्या. काका तेव्हा अशा सहलीचे सोबती. होडी पकडायची म्हणून त्यांनी साठ पोरांचा नाश्ता एकदा बसच्या खिडकीतून वाटला होता, हे ते अजून सांगतात. चटणी कुणाला मिळाली नाही, हे पोरं सांगतात.

आता त्यांच्या हाताशी अमेरिकेतला भाचाही आहे. ऑर्लँडोला जाऊन आलेला. त्याने व्हिडिओ कॉलवर समजावलं, की डिस्नेने 1999 साली फास्टपास काढला. चिठ्ठी घ्यायची, वेळ लिहून मिळायची, तोवर हिंडायचं आणि वेळ झाली की छोट्या रांगेतून आत. तेव्हा ते फुकट होतं. 2021 पासून त्याचे पैसे लागू लागले. आपल्याकडेही जादा पैसे देऊन रांग टाळायचं तिकीट मिळतं. काकांना पहिला भाग विलक्षण आवडला आणि दुसरा अजिबात नाही. "वेळ लिहून मिळते हे उत्तम. पैसे देऊन पुढे घुसायचं म्हणजे?" रांगेत उभं राहणं हा त्यांच्या मते नागरिकाचा धर्म आहे. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं मात्र त्यात बसतं, कारण तिथे कष्ट असतात. मला या तर्कात खोट सापडलेली नाही.

वहीत शेवटी सगळ्या राइड्सचा आराखडा उतरतो. गर्दी दारातून आत आली की पहिलं दिसेल त्याला चिकटते, हा काकांचा सिद्धांत. लग्नाच्या पंगतीत पहिल्या काउंटरला सगळे आणि शेवटच्याला कुणी नसतं, तसंच. तेव्हा थेट मागच्या टोकाला जायचं आणि उलटं यायचं. जेवण साडेअकराला, म्हणजे एक वाजता जग जेवत असताना आपण रांगेत पुढे. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून काकूंच्या अळूवड्या आणि घावन गाडीच्या डिकीत. निट्रो तीन वाजता. हा स्वित्झर्लंडच्या कंपनीने बनवलेला रोलर कोस्टर, पायाखाली फळी नाही, पाय अधांतरी. काका त्याच्यापुढे 'जेवण पूर्ण जिरल्यावर' असं लिहितात. धाकट्या नातवाच्या उंचीची पेन्सिलखूण आठवडाभर आधी दाराच्या चौकटीवर होते, कारण मोठ्या राइड्सना उंचीची अट असते. नातू टाचा वर करतो. काका टाचा दाबतात.

मंगळवार उजाडतो. काकांची गाडी वाकणला वेळेच्या आधी चार मिनिटं. पेणकर अर्थात आलेले नसतात. पस्तीस मिनिटांची राखीव संपते, तेरा मिनिटांचं दर्शन त्यात जातं, मग काका हात जोडून गाडीतूनच बल्लाळेश्वराला नमस्कार करायला लावतात. पार्कात शिरेपर्यंत वहीतला सकाळचा भाग खोडलेला असतो. काका खचत नाहीत. मागच्या टोकाकडे सगळ्यांना झपाझप चालवत नेतात. तिथे भलीमोठी रांग. पितृपक्ष न पाळणारं एक कॉलेज त्याच सिद्धांताने मागच्या टोकाला आलेलं.

रांगेत काकांचा जुना हात शिवशिवतो. 'राजासॉरस'च्या होडीत पुढची जागा मिळावी म्हणून ते रुमाल काढतातही. (हा डायनासोर खरा आहे बरं, गुजरातेत त्याची हाडं सापडली, 2003 मध्ये त्याला नाव मिळालं. नातवाला हे काकांनीच सांगितलं, रांग लांब असली की इतिहास उरकतो.) पण होडी थांबते ती मोजून, बसवतात ते गणवेशातली पोरं, आणि रुमाल टाकायला खिडकीच नाही. काका रुमालाने कपाळ पुसून घेतात.

पेणकर दुपारी एकला उगवतात. ते शेवटी पेण-खोपोली रस्त्यानेच आले, कारण वडखळला टेम्पो आडवा झाल्याचं कुणीतरी सांगितलं. आत शिरून त्यांनी नकाशाही घेतला नाही. समोर उंच काहीतरी फिरताना दिसलं, तिकडे चालत गेले. जग जेवत होतं. ते निट्रोवर दोनदा बसले.

"कसं होतं?" काका विचारतात.

"बरं होतं मामा. पाय लोंबतात."

काका घड्याळ बघतात. तीनला अजून वेळ असतो. 'मिस्टर इंडिया'त जाऊन येतात, 1987 चा सिनेमा तेव्हा त्यांनी पाहिलेला, त्यामुळे ते एकटेच शहाण्यासारखे हसतात. भारतावरून उडवून आणणाऱ्या खेळात त्यांना एवढंच खटकतं की रोह्याची कुंडलिका नदी दिसली नाही. पावणेतीनला सगळा गोतावळा निट्रोच्या रांगेत उभा, काका पुढे, वही काखेत. वेळापत्रक दिवसभरात पहिल्यांदाच जुळत असतं. आणि सुधागडाच्या बाजूने परतीच्या पावसाचा गडगडाट होतो. वीज चमकली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, तशी ही थांबते. काका वहीवर छत्री धरतात, स्वतःवर नाही.

पाऊस तासभर कोसळतो. मंडळी पार्किंगकडे पळतात, डिकी उघडून अळूवड्या खातात. डोंबिवलीकर म्हणतात, असली अळूवडी तिकडे मिळत नाही. पेणची बहीण म्हणते, पितरांनीच पाडला. नातू दाराच्या चौकटीवर दोन बोटं कमी पडला म्हणून रडायचा होता, तो आता खूश, कारण निट्रो कुणालाच मिळाला नाही. पेणकरांना मिळाला हे त्याला कुणी सांगत नाही.

काका मात्र भिजलेली वही पुढच्या सीटवर वाळत घालून नवं पान उघडतात. कोलाडचं राफ्टिंग. भिऱ्याच्या वीजकेंद्राकडून पाणी सुटतं, सकाळी ठरल्या वेळी कुंडलिकेत येतं, आणि ते आलं की होड्या निघतात. नदी वेळेवर सुटते! त्यांचा चेहरा उजळतो. आयुष्यभर ज्या शिस्तीची गाडी त्यांना मिळाली नाही ती रोह्याच्याच नदीच्या रूपाने वाहते आहे. ते तिथल्या तिथे भाच्यांना वेळ देतात. सकाळी आठ, कोलाड नाका, पाणी थांबत नसतं.

"पाणी येईल हो वेळेवर, मामा," थोरला भाचा शेवटची अळूवडी उचलत म्हणतो. "आम्ही वडखळला असू."