चार बोल्टांचे तात्या

जव्हारहून मोखाड्याकडे येताना एखादा ट्रॅक्टर चढाला लागला की आमच्या तात्यांच्या हातातला चहा अर्ध्यावर थांबतो. मान तिरकी, डोळे मिटलेले. इंजिन नुसतंच बोंबलतंय आणि चाकं काही त्या मानानं पुढं सरकत नाहीत, असं कानावर आलं की कप खाली ठेवून निकाल : "क्लच गेला. मधून फोडायला लागंल." सुरात थोडं दुःख असावं अशी अपेक्षा असते. असतो निव्वळ हर्ष.

तात्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर नाही, कधी नव्हताही. स्वतःचं भाताचं खाचर ते अजून बैलांनी नांगरतात. बैलांना क्लच नसतो, एवढीच त्यांची बैलांबद्दल तक्रार आहे.

मी मूळचा देशावरचा. बदलीनं इथं मास्तर म्हणून आलो आणि मे महिन्याच्या सुट्टीत रिकामा दिसलो, हा माझा गुन्हा. मृग लागायला जेमतेम पंधरवडा उरला होता. राब भाजून झाले होते. पाड्यावरच्या एकाचा बी-275 नेमका तेव्हाच बसला. महिंद्रांनी 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागी करून जी कंपनी काढली, तिचा हा पस्तीस घोड्यांचा गडी. इथवर येईतो त्यानं किती मालक बदलले ते त्यालाच ठाऊक. तात्यांनी त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "काय नाय, चार बोल्ट."

या वाक्यावर मी विश्वास ठेवला. बॅटरीची तार सुटली, बॉनेट उतरलं, डिझेलची नळी, स्टिअरिंगचा दांडा, वायरींचा गुंता, रेसची सळई... बोहाड्यात एकामागून एक सोंग यावं तसं निघतच होतं. दुपार कलली तरी ते सुप्रसिद्ध चार बोल्ट काही दिसेनात. सुटलेला प्रत्येक नट काकूंच्या परातीत क्रमानं मांडला जाई. त्या क्रमाला हात लावायची काकूंनाही परवानगी नव्हती. मग त्या आठवड्यात नागलीच्या भाकरीला डिझेलचा वास आला, तर तात्या म्हणाले, "पचायला बरी."

माणूस घाईचा वाटतो, पण ट्रॅक्टर दुभागायच्या वेळी त्यांच्यासारखा भित्रा कुणी नाही. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलतो. मागचा भाग सुटला की इंजिन कुठल्याही कुशीवर कलंडू शकतं. म्हणून आधी दोन्ही अंगांना ऐनाच्या पाचरी ठोकायच्या, मग दोन्ही भागांखाली ओंडके रचायचे. जॅक असूनही ओंडके कशाला, असं मी विचारलं. "मास्तर, जॅक म्हंजे जावई. कधी रुसंल सांगता येत नाय."

रात्री दोन भाग एकमेकांपासून हातभर लांब सरले. तात्यांनी झिजून खापरी झालेली क्लच प्लेट उचलली, मुलीची पत्रिका पाहावी तशी उलटसुलट पाहिली आणि रिव्हेटवर नख फिरवलं. "बघा. चिखलणीत अर्धा क्लच. रस्त्यावर पाय पेडलवर. पाय ठेवायला फळी दिलीय ना कंपनीनं!" हा त्यांचा जुना सल. एसटीनं घाट उतरतानाही ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात आणि त्याच्या डाव्या पायावरून नजर हलवत नाहीत. दोन ड्रायव्हरांनी त्यांना तपासनीस समजून नमस्कार केला आहे.

नवी प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. एवढं उघडलंच आहे तर ऑइल सीलही. "एवढं उघडलंच आहे तर" हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य. यानं मालकाचा चेहरा उतरतो, तात्यांचा उजळतो. खरं सांगायचं तर, माझा बॅटरी धरलेला हात अवघडला होता, पण उघड्या ट्रॅक्टरपाशी मलाही बरं वाटू लागलं होतं.

जोडणी दुसऱ्या दिवशी. दोन भाग जवळ आले आणि बोटभर फट राहिली. दात दातांत बसेनात. मालकाच्या पोरानं सुचवलं, बोल्ट आवळून ओढून घेऊ. तात्यांनी पाना खाली ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं तडक पाणी आणायला गेलं. "ओढलं की नवी प्लेट वाकली म्हणून समजा. मास्तर, पंखा फिरवा. सावकाश. लेकराला झोका देता तसा." मी फिरवला. आत कुठंतरी खट्ट झालं, फट मिटली. जमलेल्या पंधरा जणांपैकी बारा जणांनी आपण सांगितलं होतं तसंच झाल्याचं जाहीर केलं.

पेडलची ढील इंचभर ठेवून तात्या खाली उतरले. चालवून मात्र पाहिलं नाही. ते कधीच पाहत नाहीत. मालक चढून बसला, ट्रॅक्टर धुरळा उडवत उताराला लागला. काकूंनी मुकाट्यानं परात उचलून राखेनं घासायला घेतली. मी हात धुऊन चहाला बसलो.

तात्या मात्र अंगणाच्या कडेला तसेच उभे. मान तिरकी, डोळे मिटलेले. ट्रॅक्टर वळणाआड गेला, आवाज बारीक होत होत विरला.

"ठेवला," ते म्हणाले. "पेडलवर पाय ठेवला त्यानं."