परक्या शाईचे व्रत

हे व्रत त्याने करावे, ज्याने सेलमध्ये इंकजेट प्रिंटर स्वस्तात घेतला आणि काही महिन्यांनी काळ्या-रंगीत कार्ट्रिजच्या जोडीचा भाव ऐकून ज्याला वाटले, की दुकानदार चुकून पुन्हा प्रिंटरचीच किंमत सांगतो आहे. दिल्लीत राजेंद्रनगरच्या खोलीत यूपीएससीच्या नोट्स छापणारा साताऱ्याचा मुलगा, बदली होऊन आर. के. पुरममध्ये आलेला कारकून, नोएडात रात्री अकराला लेकीचे शाळेचे प्रोजेक्ट छापणारी आई, कोणालाही अधिकार आहे. वयाची अट नाही. प्रिंटर मात्र चिपवाला हवा.

प्रथम देवतेची ओळख करून घ्यावी. कार्ट्रिजच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांची नखाएवढी पट्टी असते. काही डब्यांत त्या पट्टीवर चिप बसवलेली असते, तर काहींत तिचे सर्किट छपाईच्या हेडमध्येच असते. कार्ट्रिज कोणाची, तिचा क्रमांक काय, तिच्यातून किती शाई गेली, हे सगळे तिथे नोंदलेले असते. घरगुती प्रिंटर बहुधा डबीत डोकावत नाही. आपण किती थेंब उडवले ते मोजतो आणि वजाबाकी करतो. वजाबाकी शून्यावर आली की डबी रिकामी. मग साधकाने तीत काठोकाठ शाई भरली तरी ती रिकामीच, कारण हा आकडा खालीच जातो, वर चढत नाही. नव्या चिपा याहून कर्मठ. प्रिंटर त्यांना गुप्त किल्लीचा सवाल घालतो आणि जबाब चुकला की पान छापायचे नाकारतो. थोडक्यात, प्रिंटरला शाई दिसत नाही, शाईचा हिशेब दिसतो. पुढचे सगळे विधी या हिशेबाशी आहेत.

व्रताच्या काळात प्रिंटरला इंटरनेटचा कडक उपवास घडवावा. याला कारण आहे. १३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातल्या एचपीच्या अनेक ऑफिसजेट प्रिंटरांनी एकाएकी परक्या कार्ट्रिजा नाकारल्या. आदल्या दिवसापर्यंत सुरळीत चालणारी डबी खराब झाल्याचा संदेश पडद्यावर येऊ लागला. कंपनीने फर्मवेअरमधून हा बंदोबस्त आधीच पाठवून ठेवला होता, त्या दिवशी तो जागा झाला. आरडाओरडा झाल्यावर एचपीने कळवण्यात कमी पडल्याबद्दल माफी मागितली आणि ज्यांना हवे त्यांच्यासाठी उलटे फर्मवेअर दिले. बंदोबस्ताची पद्धत मात्र सोडली नाही. ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ हे तिचे नाव आजही खोक्यावर बारीक अक्षरांत आढळते. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये याच प्रकारांसाठी कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. म्हणून साधकाने ऑटो-अपडेट बंद करावे, प्रिंटरला यूएसबीच्या वायरीने बांधावे आणि वाय-फायचा पासवर्ड त्याच्या कानावरही पडू देऊ नये.

(जाता जाता: २०१६च्या त्याच आठवड्यात, १६ सप्टेंबरला, दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाच्या बाजूने निकाल दिला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी विद्यार्थ्यांच्या कोर्स-पॅकवरून त्या दुकानावर दावा लावला होता. पुढे अपील झाले आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. म्हणजे त्या आठवड्यात दिल्लीत पुस्तकातली पाने छापायला न्यायालयाची हरकत नव्हती, हरकत होती ती फक्त प्रिंटरची.)

व्रताचे क्षेत्र म्हणजे दिल्लीचा संगणक-बाजार, नेहरू प्लेस. मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने यावे. पुढचेच स्टेशन कालकाजी मंदिर असल्याने देवीचे दर्शनही साधते. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कुख्यात बाजारांच्या यादीत या ठिकाणाचे नाव येऊन गेले आहे, त्यामुळे स्थानमाहात्म्य वेगळे सांगायला नको. फरसबंद चौकात पाऊल पडताच दोन्ही बाजूंनी “हाँ सर, टोनर, कार्ट्रिज, रिफिल?” असा घोष सुरू होईल. चालत राहावे. माल तीन प्रकारचा. ‘ओरिजिनल’ कंपनीचा. ‘कम्पॅटिबल’ दुसऱ्या कोणाचा, आणि तो तसे उघड सांगतो. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दुसऱ्याचा माल, पण कंपनीच्या नावाच्या खोक्यात. व्रताला चालतो तो मधला. तिसऱ्याशी संबंध ठेवू नये. खोटा ट्रेडमार्क लावणाऱ्याला १९९९च्या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि साधकाला मिळणारी शाई कैदेत ठेवण्याच्याही लायकीची नसते.

चौथा प्रकारही आहे. अस्सलच, पण कंपनीने इथल्यासाठी न पाठवलेला, परस्पर आयात केलेला माल. सॅमसंगच्या प्रिंटरांवरून हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी खंडपीठाने अशी आयात आणि विक्री चालेल असे ठरवले. अट एवढीच, की हा माल सॅमसंगने आणलेला नाही आणि त्याची वॉरंटी सॅमसंग देणार नाही, हे दुकानदाराने ठळक लिहावे. कार्ट्रिजच्या बाबतीत इथे एक गंमत होते. काही कंपन्यांच्या डब्यांना देशाची जात लावलेली असते. न्यू जर्सीच्या मावशीने बॅगेतून हौसेने आणलेला प्रिंटर नेहरू प्लेसच्या अस्सल डबीलाही परकी म्हणू शकतो.

आता मुख्य कृती. एचपी ८०३ किंवा कॅननची पीजी-७४५ यांसारख्या डब्यांत छपाईचे हेड डबीतच असते, त्यामुळे त्या भरता येतात. वरचे लेबल अलगद सोलावे. काळीला एक भोक, रंगीतला तीन. कोणत्या भोकात कोणता रंग, हे टूथपिक बुडवून पाहावे, पाठांतरावर विसंबू नये. मॅजेंटात पिवळा गेला तर लेकीच्या प्रोजेक्टमधले गुलाबाचे फूल झेंडूचे होते. सुईने दोन-तीन मिलिलिटर शाई अगदी सावकाश सोडावी. वर थेंब दिसला की थांबावे. मग डबी घडी केलेल्या वर्तमानपत्रावर टेकवून गळती थांबेपर्यंत ठेवावी. दिल्लीच्या मे महिन्यात हेड वाळून जाते, म्हणून भरलेली डबी टेबलावर उघडी टाकून जेवायला जाऊ नये.

प्रिंटर शाई संपल्याचे सांगेलच. सांगू द्यावे. कॅननच्या अनेक प्रिंटरांत स्टॉपचे बटण पाच सेकंद दाबून धरले की शाईची पातळी मोजणे बंद होते आणि छपाई पुढे चालू राहते. हा मंत्र कोणा तांत्रिकाचा नाही, कंपनीच्याच मदत-पुस्तिकेत आहे. वर एवढेच, की नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही. याच कॅननला जानेवारी २०२२ मध्ये, जगात चिपांचा तुटवडा पडला तेव्हा, ऑफिसातल्या मोठ्या यंत्रांसाठी बिनचिपीचे टोनर विकावे लागले. टोनर अस्सल, पण यंत्रे त्यांना ओळखेनात. तेव्हा कंपनीने जर्मन गिऱ्हाइकांना लेखी शिकवले, की अस्सल नसल्याचा इशारा आला तर तो बंद करा आणि काम चालू ठेवा. या व्रताच्या इतिहासात इतका मोठा आचार्य दुसरा झाला नाही.

पापभीरू साधकाला शंका येते: चिपेला चकवणे हा गुन्हा तर नाही? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेले ६५-अ कलम तांत्रिक कुलूप तोडण्याला शिक्षा सांगते, पण ते तोडणे हक्काचा भंग करण्याच्या इराद्याने झालेले असावे लागते. आणि शाई भरणे म्हणजे कोणाचे पुस्तक छापणे नव्हे. अमेरिकेत लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने हा रस्ता आधीच चालून पाहिला. टोनरच्या चिपेची नक्कल केली म्हणून तिने २००२च्या अखेरीस स्टॅटिक कंट्रोल या कंपनीवर दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला. २००४ साली अपील न्यायालयाने तो मनाई हुकूम उठवला आणि निकालात नोंदवले, की ज्या चिपेतल्या प्रोग्रॅमवरून एवढे भांडण, तो इतका छोटा आहे, की संगणकात त्याच्यापेक्षा या खटल्याचे नाव जास्त जागा घेईल. पुढचे मात्र कोणा न्यायाधीशाला सुचले नसते. चीनमधल्या झुहाईच्या एपेक्स या चिपवाल्या कंपनीने २०१५ मध्ये स्टॅटिक कंट्रोल विकत घेतली आणि २०१६ मध्ये इतरांसह ३६० कोटी डॉलर मोजून लेक्समार्कही घेतली. वादी आणि प्रतिवादी एका छपराखाली नांदू लागले.

व्रत फळले ते वेगळ्याच मार्गाने. प्रिंटरच्या कडेला बाटल्या लावून नळ्यांनी शाई पाजायची युक्ती इथल्या आणि आग्नेय आशियातल्या दुकानदारांनी इतकी रुजवली, की एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात आणि वर्षभरात भारतात स्वतःच टाकीवाला प्रिंटर आणला. पाठोपाठ कॅनन आणि एचपीही आले. बाटलीतून ओता आणि छापा, चिप नाही. साधकाने पेढे वाटले. मग दोन-तीन वर्षांनी प्रिंटर सगळे दिवे मिचकावत थांबला. हेड साफ करताना जी शाई वाया जाते ती पोटातल्या स्पंजात मुरते. स्पंज किती भरला असेल याचाही एक आकडा असतो आणि तो भरला की यंत्र संप करते. नेहरू प्लेसला “पॅड भर गया” एवढे म्हणावे. मुलगा लॅपटॉप काढतो, ‘ॲडजस्टमेंट प्रोग्रॅम’ चालवतो आणि आकडा शून्य करतो. आकडा शून्य झाला तरी स्पंज ओलाच असतो, तेव्हा तो बदलून घ्यावा. नाहीतर शाई टेबलावर येते.

राहिले उद्यापन. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटर ‘कार्ट्रिजसह’ धरले आहेत, म्हणून रिकाम्या डब्या ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे द्याव्यात, नाहीतर त्या ई-कचरा फोडणाऱ्या सीलमपूरच्या गल्लीत पोचतात. वाटेत मात्र एखादा गृहस्थ अडवून ओरिजिनल डबीचा चांगला भाव सांगेल आणि खोका आहे का, हेही विचारेल. डबीपेक्षा त्याला खोकाच हवा असतो, सीलच्या जागी न फाटलेला. साधकाने खोका घरीच चार तुकडे करून आणावा आणि मग भाव विचारावा.