गाडी लागते, बोट लागते

आमच्या मंगरूळपीरात माणसाला फक्त गाडी लागते. बोट लागायला समुद्र हवा, आणि तो इथून पाचशेहून जास्त किलोमीटर लांब. मुलाकडे मुंबईला गेलो तेव्हा मी दोन्ही लावून घेतल्या : जाताना गाडी आणि नंतर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना बोट.

प्रवास तासाभराचा. रस्त्यानं शंभरावर किलोमीटर पडतात म्हणून लोक मोटारीसकट रो-रो बोटीत चढतात. मी कठडा घट्ट धरलेला. शेजारी अलिबागकडचे एक आजोबा डब्यातली चकली मजेत खात होते.

"गाव कुठलं?"

"मंगरूळपीर. वाशीम जिल्हा."

त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि चकली डब्यात परत ठेवली. "लांब नजर लावा, बरं वाटेल. आणि किनारा दिसतोय म्हणून निर्धास्त राहू नका. खडक काठालाच असतात."

खरंच की! रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली ती काही अथांग सागरात नव्हे. मुंबईहून रेवसला जाताना, काशाच्या खडकाजवळ. जुनी कोकण बोटही किनारा धरूनच जायची : जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. धक्का नसेल तिथे पडाव येऊन बोटीला भिडायचे आणि त्यात ट्रंका, पोरं, आज्या उतरवल्या जायच्या. पावसाळ्यात ही कोकण बोट बंद. म्हणजे समुद्रावरची एसटीच. घंटी मारली की थांबणार.

बिनघंटीचा प्रवास वेगळाच. १९ ऑगस्ट २००९ ला कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून १९ मे २०१० ला परतले. नऊ महिन्यांत थांबे चार : फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन. आमची अकोला गाडी एवढे थांबे गावाबाहेर पडायच्या आत घेते. पुढे २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून अभिलाष टॉमींनी तेवढेही घेतले नाहीत. पाच महिने, विनाथांबा!

मुंबईच्या पाण्यात पांढऱ्याशुभ्र मोटार यॉट डुलत होत्या. त्यांचं गणित मला चटकन कळलं, कारण ते आमच्या ट्रॅक्टरचंच : डिझेल आहे तोवर मालक राजा. जोरात पळवली की टाकी भराभर खाली. म्हणून तिनं बंदर ते बंदर जावं, संध्याकाळी नांगर टाकावा, मालकानं ताजे मासे खावेत. फार लांब जायचं तर हळू जाऊन डिझेल जपायचं, नाहीतर सरळ शीड उभारायचं. वाऱ्याला लिटरचा भाव नाही. वेळापत्रकही नाही. त्या हिशेबानं आमची एसटी शिडाचीच म्हणायची.

परतीला समृद्धी महामार्गावरची रात्रीची ट्रॅव्हल्स धरली. बाहेर ना गाव, ना टपरी, नुसता काळोख. सगळे झोपलेले, जागे दोघंच, ड्रायव्हर आणि मी. वळण नाही, खड्डा नाही, पोटात हालचाल नाही. हाच आपला महासागर, असं वाटून छाती फुगली. चार थांबेही न घेता मी आलो होतो!

पहाटे शेलूबाजारला उतरलो. मंगरूळपीर म्हणजे आता हाकेच्या अंतरावर. काळीपिवळीत दहा माणसं, दोन पोती आणि एक कोंबडी यांच्यामध्ये मला जागा मिळाली. फाटा आला की ब्रेक, माणूस दिसला की ब्रेक. गावातले दिवे दिसू लागले, आणि रात्रभर शहाण्यासारखं वागलेलं माझं पोट उसळलं. ड्रायव्हरनं घाईनं गाडी बाजूला घेतली.

"काऊन काका, गाडी लागली का?"

"नाही बाप्पा," तोंड पुसत मी म्हणालो, "किनारा लागला."