चौथ्या दिवसानंतर कोण?

फोन करणाऱ्यांची नाशिकमध्ये वानवा नाही. द्वारका सर्कलला गाडीने उडवलेलं कुत्रं असो, पाथर्डी फाट्यावर जखमेत अळ्या पडलेलं असो की सातपूरच्या एमआयडीसीत हाडांचा सापळा झालेलं, अर्ध्या तासात फोटो शहरभर फिरतो. खाली हात जोडलेले, रडणारे चेहरे, आणि एक ठरलेली ओळ: ‘कुणीतरी प्लीज फॉस्टर करा,’ म्हणजे बरं होईपर्यंत घरी सांभाळा. या ‘कुणीतरी’मध्ये फोटो पाठवणारा स्वतःही येतो, एवढंच मला आज सांगायचंय. जरा सविस्तर सांगतो, कारण प्रश्न भावनेचा कमी आणि औषधाच्या वेळापत्रकाचा जास्त आहे.

गोचीडतापाचंच घ्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांना हा सर्रास होतो. गोचीड चावते, एर्लिचिया नावाचा जिवाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरतो, प्लेटलेट घसरतात, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, कधी नाकातून रक्त येतं. औषध महाग नाही. डॉक्सिसायक्लिन, माणसं घेतात तेच. वेळेत सुरू केलं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, कुत्रं उठतं, शेपटी हलवतं, खायला मागतं. इथे व्हिडिओ निघतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि कुत्रं चौथ्या दिवशी होतं तिथे परत सोडलं जातं. कोर्स असतो २८ दिवसांचा. उरलेल्या गोळ्या त्याला कोण देणार? रस्त्यावरचं कुत्रं बरं वाटायला लागलं की हाताला लागत नाही. गोळी लपवलेली पोळी शेजारचं कुत्रं पळवतं. औषध अर्धवट सुटलं की जिवाणू प्लीहेत आणि अस्थिमज्जेत दबा धरून बसू शकतो. पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, मज्जाच रक्त बनवेनाशी होते आणि मग तेच औषध फारसं कामाचं राहत नाही. आपण मात्र त्याला ‘वाचवलेल्या’त धरून मोकळे झालेलो असतो.

मादीच्या अंगावरून रक्त ठिबकतं, जिन्यावर डाग पडतात आणि सोसायटी तिला काठीने हाकलते, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. बऱ्याचदा तो संसर्गाने पसरणारा कर्करोग असतो, टीव्हीटी. कुत्र्यांच्या संभोगातून, हुंगण्या-चाटण्यातून कर्कपेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. ऐकायला भयंकर, पण बहुतेक कुत्री यातून पूर्ण बरी होतात. त्याचं औषध विन्क्रिस्टिन, जे मुळात सदाफुलीतून मिळालं. आपल्या प्रत्येक गल्लीत, प्रत्येक कुंडीत फुलणारी ती सदाफुली. इंजेक्शन आठवड्याला एक, साधारण चार ते सहा आठवडे. म्हणजे ती कुत्री दर आठवड्याला त्याच वारी सापडली पाहिजे, रक्त तपासून घेतलं पाहिजे आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना उकिरड्यापासून लांब राहिली पाहिजे. रस्त्यावर हे जमत नाही. मोरीच्या शेजारी एक कोपरा आणि गळ्यात पट्टा असला की जमतं.

‘मग संस्थेत ठेवा ना!’ हे उत्तर तयार असतं. नाशिकमध्ये शरण फॉर अ‍ॅनिमल्ससारख्या संस्था आहेत आणि त्या जीव तोडून काम करतात. पण आजारातून उठणाऱ्या कुत्र्यासाठी, त्यातही पिल्लासाठी, भरलेलं शेल्टर धोक्याचंच असतं, मग ते कितीही प्रेमाने चालवलेलं असो. उलट्या-जुलाबांनी पिल्लं मारणाऱ्या पार्व्होचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर, चपलांच्या तळव्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. डिस्टेम्पर खोकल्या-शिंकांतून पसरतो. एकाचं पोट बरं होईपर्यंत शेजारच्या पिंजऱ्यातल्याचं बिघडतं. घरातली एक बंद खोली म्हणजे अशा वेळी विलगीकरण कक्ष. त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे, उपचाराचा भाग म्हणून ती हवी असते.

यावर अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी एक अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पार्व्हो झालेली ४० कुत्री. निम्म्यांना रुग्णालयातले पूर्ण उपचार, निम्म्यांना घरी करता येतील असे साधे उपचार: कातडीखाली सलाईन, उलटी थांबवणारं औषध, प्रतिजैविक, सिरिंजने अन्न. पहिल्या गटातली ९० टक्के जगली, दुसऱ्यातली ८० टक्के. उपचार न झालेली बहुतेक मरतात. या दुसऱ्या गटाला मोठं यंत्र लागलं नव्हतं. वेळेवर सलाईन देणारा, तापमान बघणारा आणि उलटी पुसणारा माणूस लागला होता. तो माणूस इंदिरानगरातही असू शकतो.

मोठी इमारत झाली की प्रश्न सुटतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुंबईतली २०२४ ची गोष्ट आठवावी. रतन टाटांच्या पुढाकारातून महालक्ष्मीला प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं, १६५ कोटी खर्चून. तिथे सात महिन्यांचं एक कुत्रं गोचीडतापाच्या संशयाने दाखल झालं, रक्त जिवावर बेतेल इतकं कमी. ८६ वर्षांच्या टाटांनी स्वतः मुंबईकरांकडे जाहीर मागणी केली की रक्तदाता कुत्रा हवा आहे. वय एक ते आठ वर्षं, वजन २५ किलो किंवा जास्त, सगळ्या लशी झालेल्या. एवढ्या सुसज्ज जागेलाही शेवटी कुणाच्या तरी घरातलं नीट सांभाळलेलं कुत्रंच मागावं लागलं.

आता घरात प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. आमच्याकडे सध्या भुरी नावाची कुत्री आहे, जेल रोडवरून आलेली. गोळी नुसती घशात ढकलून चालत नाही. डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकलं तर आतून भाजल्यासारखी जखम होते, म्हणून आधी दोन घास मऊ भात आणि चिकनचं पाणी, बिनकांद्याचं, बिनलसणाचं. मग जबडा वर, गोळी जिभेच्या मुळाशी, तोंड मिटून गळ्यावरून हात फिरवायचा. तिने नाक चाटलं म्हणजे गेली. लगेच सिरिंजने पाणी, गालाच्या कडेने, थेंब थेंब. मग ओठ वर करून हिरडीवर बोट दाबायचं आणि सोडायचं. दाबलेला पांढरा ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. मूळ हिरडीच पांढरी असेल तर थेट डॉक्टर. गोचीड चिमट्याने मुळाशी धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटच्या वाटीत टाकायची. अंगावर रॉकेल, फिनेल काही ओतायचं नाही. जखमेत फिनेल ओतून कुत्री मारणारे दयाळू लोक मी पाहिलेत. माणसाची ब्रुफेन आणि क्रोसिनही नको, कुत्र्याची किडनी, लिव्हर त्याने जाते.

भुरी पहिले काही दिवस मोरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. हात लावला की अंग चोरायची. परवा औषधाची वाटी वाजली तशी ती उठून आली आणि आपणहून समोर बसली. तिला औषध आवडतं असं नाही, त्याच्यानंतर भात मिळतो हे तिला कळलंय. मला तेवढं पुष्कळ आहे.

ज्यांना हे करायचं असेल त्यांनी दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. एक, रेबीज. लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, अकारण चावतंय, असं कुत्रं घरी आणायचं नाही. तिथे जाणकारांना बोलवायचं. नेहमी हे काम करणाऱ्यांनी स्वतः रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यावी, आणि तरीही चावा बसला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुसरी, घरात बिनलशीचं पिल्लू असेल तर पार्व्होचं कुत्रं आणू नका, आणि पार्व्होचं कुत्रं राहून गेलेल्या खोलीत पुढचे कित्येक महिने बिनलशीचं पिल्लू ठेवू नका. फरशी ब्लीचने पुसावी लागते, डेटॉलवर भागत नाही.

सगळी वाचत नाहीत. डिस्टेम्पर मेंदूपर्यंत गेला की पाय झटकत राहतात, आकड्या येतात, आणि त्या विषाणूवर नेमकं औषध अजून नाही. अशा वेळी पशुवैद्याने वेदना संपवण्याचा सल्ला दिला तर तो ऐकावा. फॉस्टरकडे मेलेलं कुत्रं म्हणजे फॉस्टरचं अपयश, असं बोलणाऱ्यांची मला चीड येते. डांबरी रस्त्यावर ट्रकखाली मरणं आणि गोधडीवर, ओळखीच्या हाताखाली मरणं यात ज्यांना फरक दिसत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

जागा नाही म्हणता? कॉलेज रोडला भाड्याच्या खोलीत तिघं राहणाऱ्या मुलांनी म्हटलं तर मान्य. गंगापूर रोडवर, महात्मानगरात किती बंगल्यांचे वरचे मजले कुलूपबंद आहेत? मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला. मागे नोकरांची खोली, तिथे जुना सोफा आणि फुटका कूलर. त्या खोलीला फक्त महिनाभर एक कुत्रं हवंय, जन्मभर नव्हे. सोसायटीचा अडथळा असेल तर कमिटीला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. घरात कुत्रं पाळायला सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही.

नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, ही गोष्ट आपण पोरांना अगदी रंगवून सांगतो. कुत्रं कोरडी पोळी खाईल याची ती काळजी होती. आपण त्या गोष्टीला फक्त नमस्कार करतो.

२०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, ऑगस्टमध्ये दिल्ली-एनसीआरपुरते, मग बदललेले, मग नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं आणि बसस्थानकांबद्दलचे. कुत्री रस्त्यावर की शेल्टरमध्ये, यावर देशभर भांडण झालं. आजारी कुत्र्याने ते २८ दिवस कुठे काढायचे, हे दोन्ही बाजूंच्या आरडाओरड्यात मला कुठे ऐकू आलं नाही.

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस रामकुंडावर ध्वज चढेल, घाट झाडले जातील, आणि पंचवटीतली कुत्री अडचण म्हणून मोजली जातील. त्याआधी महापालिकेने एक साधी नोंदवही उघडावी. कोणत्या प्रभागात कोणाकडे आजारी कुत्र्यासाठी खोली आहे, किती आठवडे, घरात दुसरा प्राणी आहे का, लस झाली का. अशा घरांना पालिकेने डॉक्सिसायक्लिन, सलाईन आणि रक्ततपासणी मोफत द्यावी, दर आठवड्याला पशुवैद्याने फोन करावा, आणि कुत्रं बरं झाल्यावर त्याचं निर्बीजीकरण व लसीकरण आधी करून मगच ते परत सोडावं. आमच्या प्रभागाच्या पानावर माझा पत्ता लिहून घ्या. भुरीचा कोर्स पुढच्या आठवड्यात संपतो, खोली रिकामी होतेय.