कीर्तीसाठी गाळा देणे आहे

महाराष्ट्रातल्या पैलवानांचं आणि त्यांना घडवणाऱ्या वस्तादांचं एक सरकारी कीर्ती दालन असावं, असं कुणी म्हटलं की आमची मान लगेच हलते. प्रश्न येतो तो जागेचा. कोल्हापूरकर म्हणणार, शाहू महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान बांधलं तेव्हा तुमची गावं कुठं होती? पुणेकर म्हणणार, मामासाहेब मोहोळ आमचे, महाराष्ट्र केसरीची गदा आमच्याकडची, तेव्हा दालनाची किल्लीही आमच्याकडेच शोभेल. सातारकर खाशाबांचं नाव घेऊन शड्डू ठोकणार, सांगलीकर मारुती मान्यांचं. ही काटा कुस्ती सुटायची नाही. म्हणून आम्ही तोडगा सुचवतो. दालन आमच्या भिवंडीत करा.

हसू नका. काल्हेर, दापोडा, पूर्णा, राहनाळ, वळ, माणकोली या गोदामांच्या पट्ट्यात एकदा फिरून या. साबणापासून सोफ्यापर्यंत, दिसेल तो माल इथं येऊन पडलेला असतो. इथं मालाचं कुणी कौतुक करत नाही आणि हेवाही करत नाही. आत आला की इनवर्ड, बाहेर पडला की आउटवर्ड. मधल्या मुक्कामात तो कोल्हापूरचा की पुण्याचा, असं माथाडी कधी विचारत नाही. कीर्तीला इतकं तटस्थ गाव दुसरं कुठं मिळणार? शिवाय गाळे तयार आहेत, शटर आहे, मागे वजनकाटा आहे, म्हणजे वजनी गटाची सोय आपोआप झाली. गाळ्याला परवानगी नसेल तर ती मागाहून घेता येते, ही इथली जुनी वहिवाट. आमच्याकडच्या गोदामांना आगी लागतात, हे खरं. पण आमच्या माहितीप्रमाणे कीर्ती एकदा सरकारी फायलीत गेली की तिला आगीचं भय राहत नाही.

अडचण एकच, डिलिव्हरीची. इथून निघालेला टूथब्रशचा जोड दुसऱ्या दिवशी मुंबईच्या दारात असतो. कीर्तीचं खातं वेगळं आहे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माल कराड स्टेशनवर उतरला तेव्हा गावकऱ्यांनी आपली पावती लगोलग दिली, शंभरावर बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. सरकारी पार्सलाला जरा वेळ लागला. खाशाबा पोलिसात लागले, निवृत्त झाले, पेन्शनसाठी झगडले आणि 1984 साली रस्ते अपघातात गेले. त्यानंतर 2000 सालचा अर्जुन पुरस्कार निघाला. हेलसिंकीपासून मोजा, अठ्ठेचाळीस वर्षं. 2010 साली दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं आणि 2023 साली राज्याने ठरवलं की त्यांचा वाढदिवस, 15 जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन. जाऊन चाळीस वर्षं उलटली तेव्हाही पद्म पुरस्काराचा टेम्पो कुठल्या नाक्यावर अडकला होता ते समजलं नव्हतं. अंजूरफाट्याला असेल तर आम्ही समजू शकतो. तिथं अडकलेला माणूस अठ्ठेचाळीस वर्षांची तक्रार करत नाही.

आता दालनात कुणाकुणाला बसवायचं ते पाहू. खाशाबा बसतील, त्यावर एकमत. पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं. परत आल्यावर खाशाबा कुस्त्या लढले आणि त्या पैशातून हे ऋण फेडलं. या खर्डेकरांना कुठल्या वर्गात घालायचं? खेळाडूंच्या, मार्गदर्शकांच्या, की संघटकांच्या? अर्जाच्या नमुन्यात ‘घर गहाण टाकणारा’ असा रकानाच नाही. तो ठेवला, तर बाकीचे पदाधिकारी अर्ज करायचे थांबतील, ही भीती.

पदाधिकाऱ्यांचं मात्र पक्कं ठरवून टाकायला हवं, कारण हेलसिंकीत त्यांची उणीव भासली होती. जपानच्या इशीशी दीर्घ लढत दिल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लापुढे उभं केलं गेलं. मधल्या विश्रांतीचा हक्क मागायला मॅटजवळ एकही भारतीय अधिकारी नव्हता, असं सांगतात. ही चूक पुन्हा होणे नाही. दालनाच्या उद्घाटनाला सगळे हजर असतील. पहिल्या दोन रांगा त्यांच्यासाठीच.

आणि वस्ताद? इथं खरी पंचाईत आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात स्टिलवॉटर नावाच्या गावी 1976 पासून कुस्तीचं असं दालन आहे. त्याच्या राज्याराज्यांत शाखा आहेत आणि आयुष्यभर शाळकरी पोरांना पट काढायला शिकवत राहिलेल्या मास्तरालाही तिथं मान मिळतो. आपल्याकडे वस्तादाच्या गौरवाचा इतिहास जरा लाजाळू आहे. द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 साली. पहिल्या वर्षीच्या तीन मानकऱ्यांत एक कुस्तीचे होते, भालचंद्र भास्कर भागवत. धामणकर नाक्यावर उभं राहून हे नाव विचारा. दहातले नऊ जण म्हणतील, कुठल्या वॉर्डातून उभे आहेत? राज्यात मार्गदर्शकांसाठी दादोजी कोंडदेव यांच्या नावाचा पुरस्कार होता. त्यांच्या नावावरून इतकी झोंबाझोंबी झाली की अखेर ते नावच गेलं. वस्तादाला द्यायचं काय, यावर मात्र कधी फड रंगल्याचं ऐकिवात नाही.

त्यात वस्ताद एकटा नसतो, ही दुसरी अडचण. राहुल आवारेने 2018 साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलचं सुवर्ण मिळवलं. पहिले गुरू वडील, ते स्वतः पैलवान. मग पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार, म्हणजे सगळ्यांचे मामा. ते गेल्यावर काका पवार, जे स्वतः मामांचेच पठ्ठे. पदक एक, वस्ताद तीन. राहुलने ते मामांना अर्पण केलं आणि मोकळा झाला. समितीला असं मोकळं होता येत नाही, तिला उपसमिती नेमावी लागते.

महाराष्ट्र केसरींची भिंत तरी सोपी असेल असं वाटलं होतं. 1961 सालचे पहिले मानकरी दिनकर दह्यारी, तिथून ओळीने खिळे ठोकत यायचं. पण 2023 साली कुस्तीगीर परिषदेतल्या वादामुळे एका हंगामात दोन महाराष्ट्र केसरी झाले. फुलगावात सिकंदर शेख, धाराशिवात शिवराज राक्षे. दोघेही खरे पैलवान, दोघांनीही खरा घाम गाळलेला. खोटं काही असेल तर ते मॅटवर नव्हतं, मॅटबाहेरच्या खुर्च्यांत होतं. पुढे 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला निकालावरून वाद पेटला, पंचाला लाथ बसली, दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. मार्चमध्ये कर्जतला आणखी एक महाराष्ट्र केसरी झाला. या वेगाने भिंत पुरायची नाही. आमची सूचना अशी की गाळा डबल हाइटचा घ्यावा आणि फ्रेमा रॅकवर लावाव्यात, खाली एका गटाच्या, वर दुसऱ्या. वरच्या काढायला फोर्कलिफ्ट लागेल, ती इथं मुबलक आहे.

मुलींसाठी मात्र रॅकचा प्रश्न नाही, तिथं अजून जागाच जागा. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली 2023 च्या मार्चमध्ये सांगलीला, म्हणजे पुरुषांच्या मागे बासष्ट वर्षांनी. जिंकली सांगलीची प्रतीक्षा बागडी. अंतिम फेरीत समोर होती कल्याणची वैष्णवी पाटील. कल्याण म्हणजे आमच्या दुर्गाडी पुलापलीकडे. घरची पोर अंतिम फेरीत गेली, तेव्हा आमच्या नाक्यावर तिचा बॅनर शोधायला आम्ही मान वर केली. सातआठ वाढदिवस दिसले.

तर अशा दालनाची पहिली सभा आम्हांला आत्ताच लख्ख दिसते आहे. स्थळ, एका लग्नाच्या हॉलचं एसी दालन. वेळ सकाळी अकरा, सुरुवात दीड वाजता. विषयपत्रिकेवर पहिला विषय: उद्घाटनाच्या बॅनरचा मसुदा. चाळीस फुटी बॅनर, वर सोळा नेते, मधोमध भाऊ हात जोडून, खाली डाव्या कोपऱ्यात गदा. सत्कारमूर्ती वस्तादाचा फोटो कुठं, असं एकाने विचारलं. गदेच्या मुठीजवळ अंगठ्याएवढी जागा होती, तिथं बसेल, असं डिझायनर म्हणाला. चर्चा तिथंच संपली, पुढला पाऊण तास सोळा नेत्यांच्या क्रमात गेला.

दुसरा विषय, अर्ज. आपल्या राज्यात गौरव हवा असेल तर तो मागावा लागतो. शिवछत्रपती पुरस्कारालाही खेळाडूने स्वतःच अर्ज करायचा, आपल्या थोरवीचे दाखले स्वतःच जोडायचे. तीच थोर परंपरा इथंही. वस्तादाने किती पठ्ठे घडवले त्याचं प्रमाणपत्र पठ्ठ्यांनी द्यायचं, पठ्ठे खरे असल्याचं प्रमाणपत्र संघटनेने द्यायचं, आणि संघटना खरी कोणती, ते न्यायालयाने. सोबत हयातीचा दाखला. तो नसेल तर उत्तम, मरणोत्तर गटात गर्दी कमी आहे.

अशा सभेला एक वस्ताद हटकून बोलावलेला असतो. मोडलेले कान, गुडघ्याला पट्टी, पांढरा लेंगा. पहाटे चारला तालमीचं दार उघडणारा. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून हौदा खणणारा, आणि पोरांनी हल्ली मॅटवरच खेळायचं असतं म्हणून वर्गणी काढून जुनी मॅट आणणारा. वयोवृद्ध पैलवानांचं मानधन महिना अडीच हजारांवरून साडेसात हजार करू, अशी घोषणा 2023 च्या जानेवारीत पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत झाली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांतही तो होता. साडेसात हजारांत तुपाचे डबे किती आणि बदाम किती, हे गणित त्याला तोंडपाठ आहे. पोराने कलाजंग मारला तर पाठीवर थाप, आणि टांग उचलताना मान खाली गेली तर त्याच हाताची चापटी. आत्मचरित्र विचारलंत तर तो एवढंच सांगेल.

‘वस्ताद, तुमचा फोटो दालनात लावणार आहोत,’ सचिवांनी सांगितलं.

‘आरं दादा, मना फोटो कनाला? मॅट फाटलेली हाय. पोरांचं गुडघं सोलतान. ती बदलून दे.’

सभा क्षणभर गप्प झाली. खरेदी हा विषय पत्रिकेवर नव्हता, आणि मॅट क्रीडा खात्याकडे येते की सांस्कृतिक खात्याकडे, याचा खुलासा कुणाजवळ नव्हता. मग भाऊ बोलले. भाऊ उगाच भाऊ झालेले नाहीत.

‘वस्ताद, मॅट किती वर्षांची?’

‘झाली की पंधरा.’

‘पंधरा वर्षं! अरे, हा तर वारसा आहे.’

टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला: वस्तादांची ऐतिहासिक मॅट दालनात मधोमध, काचेच्या पेटीत, स्पॉटलाइटखाली ठेवावी. काचेचा खर्च मंजूर, दिव्यांचा मंजूर, ‘कृपया स्पर्श करू नये’ या पितळी पाटीचाही मंजूर. पाटीवर भाऊंचं नाव मोठ्या अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या दारात छोटा हत्ती लागला. चार माथाडींनी मॅटची गुंडाळी करून आत टाकली. सोबतच्या कारकुनाने वस्तादाला पावती दिली: ‘मॅट, एक नग, वापरलेली, फाटकी. इनवर्ड नंबर एक.’ वस्तादाने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि विचारलं, मंग पोरं खेलतील कशावर?

त्यासाठी वेगळा अर्ज आहे, कारकून म्हणाला. तीन प्रतींत. आणि ‘सध्या मॅट उपलब्ध आहे काय’ या रकान्यात ‘होय’ लिहू नका, नाहीतर प्रस्ताव परत येतो. आता लिहायची गरज नाही म्हणा, मॅट तर आमच्याकडे जमा आहे. तुमचं काम सोपं झालं.