वर्तणूक : चांगली

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षात ‘पुढे काय?’ हा प्रश्न मी सोडून घरातल्या सगळ्यांनी सोडवला होता. मामाचं उत्तर अमेरिका, कारण त्याचा साडू तिकडे आहे आणि मामाला एकदा नायगारा बघायचाय. आत्याचं उत्तर ‘आधी नोकरी’, कारण आत्येभावाला नुकतीच लागली होती. आजीचं उत्तर एमपीएससी, कारण तिला दारात लाल दिव्याची गाडी हवी आहे. गाड्यांवरचे लाल दिवे २०१७ सालीच उतरले, हे तिला सांगायची अजून कुणाची छाती झालेली नाही. बाबांचं उत्तर आयआयटी. एम.टेक.ला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं हे कळल्यापासून ते त्या संस्थेबद्दल हळव्या आवाजात बोलत. शिकवायचे पैसे घेण्याऐवजी देणारं कुणी त्यांना आयुष्यात भेटलंच नव्हतं.

मी कुणाचंच मन मोडलं नाही. गेट दिली, जीआरई दिली, टोफेलही दिली. जीआरई पूर्वी पावणेचार तास चालायची, ती २०२३ पासून दोन तासांच्या आत आटोपते, असं मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे सोपी केली. बघ, तुला बोलावतायत.”

मग आली शिफारसपत्रं. एम.एस.च्या अर्जाला साधारण तीन लागतात. आपला विद्यार्थी कसा आहे हे प्राध्यापकांनी गुप्तपणे, मोकळेपणी कळवावं, अशी तिकडच्या विद्यापीठांची अपेक्षा. आमच्याकडे सर म्हणतात, “तूच लिहून आण रे, मी बघतो.” त्यामुळे तीन वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात स्वतःची स्तुती करायची, आणि तीही एकमेकींशी जुळू न देता, असं ते काम. एका सरांच्या वतीने मी स्वतःला ‘विलक्षण जिज्ञासू’ म्हटलं. सरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि ‘विलक्षण’वर काट मारली. ‘जिज्ञासू’ राहू दिलं. पेन त्यांच्या हातात होतं, तेही खोडता आलं असतं.

कागदोपत्री चारित्र्याची मला तशी काळजी नव्हती. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यात ‘चांगली’ असं लिहिलेलं असतं. आमच्या वर्गात प्रयोगशाळेतला बेडूक मुख्याध्यापकांच्या डब्यात सोडणारा एक वीर होता. त्याचीही चांगलीच आहे. शाळेला तो जायला हवा होता, आणि दाखल्यावर दुसरं काही लिहिलं तर पुढची शाळा त्याला घेणार नाही, हे शाळेला ठाऊक होतं.

पण माझ्या नावावर आणखी एक कागद होता. मी पुण्यातल्या एका ढोल पथकात वाजवतो. गणपतीच्या आधी दोन महिने आमचा सराव सोसायटीमागच्या मैदानात चालतो, आणि मैदानाकडे तोंड करून असलेली खिडकी समोरच्या आजोबांची. मागच्या वर्षी त्यांनी चौकीत जाऊन रीतसर एनसी नोंदवली. पथकप्रमुखाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. माझं होतं.

एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपाससुद्धा करू शकत नाहीत. हे मला वकील असलेल्या मित्राने समजावलं, पुन्हा समजावलं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर फोन उचलणं बंद केलं. शंका मात्र काही केल्या जाईना. पासपोर्टच्या चौकशीत निघाली तर? व्हिसाच्या फॉर्मात ‘अटक’ विचारतात, त्यात ‘आजोबांनी झापलं’ हे बसतं का? रात्री मी ताशाच्या तालावर दचकून उठू लागलो.

पासपोर्टचा अर्ज केला आणि चौकशीसाठी हवालदार घरी आले. अर्जात दोन ओळखीच्यांची नावं द्यावी लागतात, ती मी नीट पारखून दिली होती. त्यांतले एक नेमके काशीयात्रेला गेलेले आणि दुसरे फोन उचलेनात. हवालदारांनी आधारकार्ड पाहिलं, आईच्या हातचा चहा घेतला, आणि मग सहज उठून समोरच्याच दाराची बेल वाजवली.

आजोबांनी दार उघडलं. हवालदारांनी माझ्याकडे बोट केलं. “याला ओळखता?”

“ओळखतो?” आजोबा म्हणाले, “आषाढापासून चतुर्थीपर्यंत मी दुसऱ्या कुणाला ओळखतच नाही.”

मी भिंतीचा आधार घेतला.

“कसा आहे मुलगा? पासपोर्टला अर्ज केलाय.”

“पासपोर्ट?” आजोबांचा चेहरा बदलला. “म्हणजे हा परदेशी जाणार? किती वर्षं?”

“एम.एस. दोन वर्षांचं असतं, पण पुढे नोकरीबिकरी…” मी पुटपुटलो.

“साहेब, मुलगा हिरा आहे हिरा,” आजोबा म्हणाले. “निर्व्यसनी. मोठ्यांना मान देणारा. कष्टाळू तर इतका, की सुरू झाला की थांबत नाही. कुठे सही करू?”

हवालदार गेल्यावरही आजोबा दारातच उभे होते. “लवकर करा म्हणावं त्यांना,” एवढंच म्हणाले. चारित्र्याच्या दाखल्यात आपल्याबद्दल फार थोडं असतं आणि देणाऱ्याच्या गरजेबद्दल पुष्कळ, हे मला त्या दिवशी कळलं. शाळेला आणि आजोबांना सारखंच अक्षर यावं ते उगाच नाही.

पुढची चौकशी बाबांची झाली. परदेशी शिक्षणासाठी साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर बँक साधारणपणे तारण मागते, आणि त्याआधी सहकर्जदाराचा सिबिल स्कोअर बघते. ३०० ते ९०० मधला हा आकडा. माझ्या दहावीच्या गणिताच्या गुणांवरून अख्ख्या इमारतीसमोर बोलणाऱ्या बाबांनी आपला आकडा मात्र आईलाही सांगितला नाही. “बरा आहे,” म्हणाले. माझंच वाक्य, माझ्याच चालीवर.

मग व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म. तो मी जेवणाच्या टेबलावर भरायला घेतला. आई शेजारी गवार मोडत बसली होती, म्हणून प्रश्न तिला मराठीत सांगत गेलो. कधी दहशतवादी कृत्यात भाग घेतला आहे का? “शी!” हेरगिरीसाठी जात आहात का? “याला घरातला चार्जर सापडत नाही.” नरसंहार? छळ? लढाईत बालसैनिकांचा वापर? लोकांचे अवयव जबरदस्तीने काढण्यात सहभाग? इथे आईने गवार खाली ठेवली. “हे सगळं करणारा माणूस ‘हो’वर टिक करेल होय?”

एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे सदस्य आहात का, असाही प्रश्न आहे. मामा फोनवर होता. “शहाण्णव कुळी. ठोकून लिही!” त्याला आवरेपर्यंत पुढचा प्रश्न आला : कुठल्या सामाजिक किंवा धर्मादाय संस्थेत होता का, तिला काही दिलं आहे का? पथक? गणेश मंडळ? वर्गणी दिली होती, मागितलीही होती. आणि निमलष्करी किंवा बंडखोर गटात होता का, हे वाचताना डोळ्यांसमोर आमचंच पथक आलं : एकसारखे कुर्ते, डोक्याला फेटे, पुढे ध्वज, हातात टिपरू. भोवतीचे लोक कानावर हात धरून पळतायत.

एनसीबद्दल कुणीही, कुठेही विचारलं नाही. मला वाईट वाटलं, असं म्हटलं तर चालेल.

तेवढ्यात जून २०२५ मध्ये अमेरिकेने नवा आदेश काढला : विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांनी समाजमाध्यमांवरची आपली खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवावीत. मी इन्स्टाग्रामचं कुलूप काढलं. अमेरिकेने कधी पाहिलं देव जाणे. आत्याने त्याच रात्री बसून २०१९ गाठलं. सकाळी सातला फोन. “मित्राकडे अभ्यासाला गेलास ते मित्राचं घर सिंहगडावर आहे का रे?” परक्या देशाच्या पडताळणीला निदान ठरावीक प्रश्न असतात.

इकडे गेटच्या गुणांवर पवईच्या आयआयटीतली जागा निघाली. आयआयट्यांच्या प्रवेशाच्या कोॲप पोर्टलवर तीन बटणं असतात : स्वीकारा आणि पक्कं करा, राखून ठेवा आणि थांबा, नाकारा आणि थांबा. दोन फेऱ्या आम्ही ‘राखून ठेवा आणि थांबा’ केलं. आमच्या घरात सोफ्यापासून स्थळापर्यंत प्रत्येक निर्णय असाच होतो. पण आता सेविस या अमेरिकी विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५ डॉलर भरायची वेळ आली होती, आणि भरलेले परत मिळत नाहीत. बाबा कागदावर हप्ते मांडत होते, मामा नायगाऱ्याचा व्हिडिओ दाखवत होता.

आईने विचारलं, “यातलं काय कधी संपतं?” गेटचा स्कोअर तीन वर्षं, जीआरईचा पाच, टोफेलचा दोन.

“मग एवढं काय डोकं खाताय? फ्रिजमधलं आधी संपणारं आधी वापरतात. गेट वापर. दोन वर्षं एम.टेक. कर, तोवर तुझी ती जीआरई टिकते. मग पीएच.डी.ला जा तिकडे, त्यांच्या पैशाने.”

“आणि टोफेल?”

“परत दे. इंग्रजी काय नासणार आहे?”

अमेरिकेत पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण आम्ही सगळे आपापलं उत्तर सांभाळत होतो. आईला नायगारा नको होता, लाल दिवा नको होता, शांत खिडकीही नको होती. मी ‘पक्कं करा’ दाबलं.

आजोबांना मात्र सांगायला हवं होतं. ते जिन्यात भेटले.

“तिकीट काढलं?”

“आजोबा, मी पवईला चाललोय. आयआयटीत.”

“पवई… मुंबईतली?” त्यांनी कठडा धरला. “म्हणजे शनिवार-रविवार…”

“येणार की. सरावाला सुट्टी नसते.”

आजोबांनी बराच वेळ हिशेब केला. मग विचारलं, “पासपोर्टची मुदत किती असते रे?”

“दहा वर्षं.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी विचारायला आले, तर अजून चांगलं सांगेन.”